गुंडाळ ८ फेरे

“हे आठ जण कोण, टीचर?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

त्यांच्या टेबलावर माझ्या भावाची वही उघडी पडली होती. शेजारी एक मोटर, तांब्याच्या तारेचं रीळ आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अठ्ठावीस बॅटऱ्या. भाऊ, म्हणजे सेतुराम, भिंतीकडच्या बाकावर बसला होता. चप्पल दाराबाहेर काढून आला होता, जसा काही कोणाच्या घरी पूजेला आलाय. व्हरांड्यात त्याचं विमान ठेवलं होतं. पंख निराळे, धड निराळं. आत काही दडवलंय का ते बघायला कोणीतरी धडाचं पोट ब्लेडनं चिरलं होतं.

“कोणते आठ जण?” मी म्हटलं.

“हे काय, इथे लिहिलंय.” त्यांनी ओळीखाली पेन्सिल ओढली आणि वाचून दाखवलं. तमिळ अक्षरं, तमिळ उच्चार. “गुंडु आळ. आठ पेर.”

बोलणं अर्थात तमिळमध्येच चाललं होतं. तंजावूरच्या पोलीस स्टेशनात दुसरं काय बोलणार? आणि तमिळमध्ये गुंडु म्हणजे बाँब, आळ म्हणजे माणूस, पेर म्हणजे जण. बाँबवाली माणसं, आठ जण. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत तमिळ शिकवतेय. त्या ओळीचा तमिळ अर्थ कोणी मला विचारला असता तर मीही हाच सांगितला असता.

पण ती ओळ तमिळ नव्हतीच. आमची मराठी होती ती, तमिळ अक्षरांत लिहिलेली. आमच्यात, तीनशे वर्षांपूर्वी राजांबरोबर इथे आलेल्या मराठी घरांत, नागरी लिपी कोणाला येते? आजोबांच्या पिढीपासून पत्रं जातात ती अशीच; बोलणं मराठी, अक्षर तमिळ. त्या लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर, प, फ, ब यांनाही एकच. घरच्या माणसाला अडत नाही, तो बरोबर वाचतो. बाहेरच्यानं वाचलं की असा घोळ होतो.

“सार, तें ‘गुंडाळ आठ फेरे’ म्हणून आहे,” सेतू बाकावरून म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडून मराठीच येते.

“तमिळ!” इन्स्पेक्टर ओरडले.

“तूं बोलूं नको, सेतू. मीं सांगतें,” मी म्हटलं, आणि पदराचं टोक माझ्या बोटाभोवती फिरवून दाखवलं. “हे बघा सार. याला आम्ही गुंडाळणं म्हणतो. फेरा म्हणजे वेढा. मोटरच्या आत तार गुंडाळायची, आठ वेढे. माणसं नाहीत त्यात.”

ते माझ्या बोटाकडे बघत राहिले. “आणि हे डांबर? अठरा नंबरचं डांबर?”

अय्यो रामा. तमिळमध्ये तार म्हणजे डांबर. तेही समजावलं. कोपऱ्यात जबाब लिहून घेणाऱ्या रायटरला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. मला मात्र हसू येत नव्हतं. सेतूला इथे कोणी आणून बसवलं ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. मीच.

आता सगळं नीट सांगते. मी संशयी बाई आहे. शाळेत सगळ्या जणी म्हणतात आणि खोटं नाही म्हणत. परीक्षेत मुलीनं पायाची बोटं हलवली तरी मला कळतं की स्लिपरमध्ये चिठ्ठी आहे. घरातही तेच. सेतूचे शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसे मी तपासते. तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे, सरकारी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. त्याच्या खिशात स्क्रू, बसचं तिकीट आणि पेपरमिंट याखेरीज कधी काही सापडलं नाही. तरी तपासते. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी सोळाची. त्याचं लग्न झालं नाही, माझंही नाही. कां नाही, ते आता उकरून काय उपयोग?

त्याचा एकच नाद. ते विमान. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन म्हणून लढाऊ विमान होतं, त्याची नक्कल. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात फूट. चार वर्षं खपून त्यानं ते बनवलं, बाल्साची हलकी लाकडं मद्रासहून आणून. हातात रेडिओचा डबा धरून जमिनीवरून उडवायचं. नाकात एक छोटं इंजिन होतं, मिथेनॉल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारं. ते सुरू झालं की भाताच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं व्हायचं. शेजारी उभं राहून बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. घरी आला की अंगाला एरंडेलाचा वास. मी त्याचे ते कपडे निराळ्या बादलीत भिजवायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

मग मिथेनॉल घातलेली विषारी दारू पिऊन माणसं मेल्याच्या बातम्या आल्या आणि मिथेनॉल मिळणं बंद झालं. तिरुच्चीचा दुकानदार याला ओळखत होता, तरी म्हणाला लायसन्स आण. कॉलेजच्या भांडारातही बाटल्या मोजायला लागले. केमिस्ट्रीतल्या भरद्वाजनं, जो याचा वीस वर्षांचा मित्र, चहा पिता पिता सहज विचारलं, “काय हो राव, विमानच उडवता ना त्यावर?” सेतूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवशी घरी आला आणि म्हणाला, “अक्का, मीं आतां विजेवर उडवणार.”

“विजेवर उडायला काय, फॅन आहे कां तो?” मी म्हटलं.

झालं, दोन वर्षं तेच. मारुती गाडीच्या रेडिएटरच्या पंख्याची मोटर आणली, आतली सगळी तार सोडली, आणि जाड तार घेऊन पुन्हा गुंडाळायला बसला. कमी फेरे, जाड तार, म्हणजे मोटर जोरात फिरते म्हणे. सहा फेऱ्यांवर जळाली. दहावर विमान जागचं हललं नाही. बॅटऱ्यांचं वजनच दीड किलो. मग वजन कमी करायचं म्हणून याचं खरवड, त्याचं काप. वैमानिकाच्या जागी बसवलेला बाहुलाही काढून टाकला. माझा मसाले तोलायचा छोटा तराजू गेला तो गेलाच. बॅटऱ्या मिळत मद्रासला, रिची स्ट्रीटवर. आता कुठे बाहेरचा माल उघड यायला लागला होता. दर महिन्याला हा शनिवारी मद्रासला जायला लागला. मी कान टवकारले. बॅटरीसाठी दर महिन्याला मद्रास?

मग तो विघ्नेश आला.

तिशीचा, काटकुळा, खांद्याला रेग्झिनची पिशवी. मद्रासच्या दुकानात कामाला, म्हणाला. बॅटऱ्या त्यानंच आणून दिल्या, त्या बिस्किटांच्या डब्यात. मी कॉफी दिली. तो बोलायला लागला आणि माझे हात जागच्या जागी थांबले. त्याचं तमिळ आमचं नव्हतं. मद्रासचंही नव्हतं. शब्द ओढून, गाणं म्हटल्यासारखं. मी मनात म्हटलं, हा समुद्रापलीकडचा. जाफन्याचा.

ते दिवस आठवा. एक्क्याण्णवच्या मे महिन्यात समुद्रापलीकडच्या लोकांनी माजी पंतप्रधानांना बाँबनं उडवलं, त्यानंतर आमच्याकडे वायर, बॅटरी आणि रिमोट हे तीन शब्द कोणी एका दमात उच्चारले तरी शेजारीण खिडकी लावून घेई. हे पंच्याण्णव साल, पण किनारा आमच्यापासून बसनं दोन तासांवर. भाड्यानं घर द्यायचं तरी माणसाचं तमिळ ऐकून देत. आणि इथे माझा भोळा सांब सात फुटांचं विमान, रेडिओचा डबा आणि दीड किलो बॅटऱ्या घेऊन त्या माणसाशी दार लोटून कुजबुजतोय! मी दाराशी उभी राहून ऐकलं. ऐकू आलं ते एवढंच: “सार, आवाजच येणार नाही. डोक्यावरून गेलं तरी कोणाला कळणार नाही.”

तुम्ही काय केलं असतं?

मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कनकलताला सांगितलं. ती गणित शिकवते आणि तिचा नवरा हेड कॉन्स्टेबल आहे. दहीभाताचा डबा उघडता उघडता म्हटलं, “तुझ्या ह्यांना म्हणावं, तो पोरगा कोण कुठला एवढं बघा. माझं नाव काढू नका. सेतूला काही कळता कामा नये.” मला वाटलं, विघ्नेशला हटकतील, तो पळून जाईल, विषय संपेल.

मंगळवारी सकाळी जीप आली ती आमच्या दाराशी.

विघ्नेश आपल्याच मुलखाच्या दक्षिण टोकाचा, नागरकोइलचा निघाला. सात पिढ्या नागरकोइलच्या, रेशनकार्डासकट. तिकडचं तमिळ कानाला तसंच लागतं. तीस वर्षं तमिळ शिकवलेल्या बाईला ते ओळखता आलं नाही. त्याला दुपारी सोडलं. पण तोवर त्यांना ही वही सापडली होती, आणि वहीतले आठ जण.

“बरं, मोटरचं कळलं,” इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांनी पानं उलटली. “आता हे. ही अक्का कोण? दर दोन पानांआड आहे. तुम्ही तमिळ टीचर ना? ‘अक्का’ हा शब्द तरी तमिळच आहे.”

“मीच ती. याची अक्का.”

“मग वाचा. मोठ्यानं वाचा, आणि तमिळमध्ये अर्थ सांगा. एकही ओळ गाळायची नाही.”

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. सेतू बाकावरून उठला. “अक्का, तें वाचूं नको.”

“खाली बस!” रायटर म्हणाला. तो बसला.

मला कबूल केलं पाहिजे, की त्या क्षणीही माझ्या मनात भीतीच्या आधी उत्सुकता आली. त्याची ही एकच वस्तू मी कधी उघडली नव्हती. मला वाटायचं त्यात नुसते आकडे असतील. मी चष्मा लावला.

“मोटर अस्की सोडली,” मी वाचलं. अस्की म्हणजे सगळी, आमच्या घरचा शब्द. अर्थ सांगितला. “सोल्डर करतांना बोट भाजलं. अक्काला सांगूं नको.”

“म्हणजे?”

“बोट भाजलं, अक्काला सांगू नकोस. स्वतःलाच बजावलंय.”

“कां?”

“मी ओरडते.”

इन्स्पेक्टरांनी मान हलवली. पुढे. “मद्रासेंत गाडी चुकली. स्टेशनसमोर ऑम्लेट खाल्लं. चांगलं होतं. अक्काला सांगूं नको.”

रायटर या वेळी उघड हसला. आमच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. मी सेतूकडे बघितलं नाही. पुढे वाचत गेले. छातीत दुखलं, डॉक्टरनं तपासलं, गॅस आहे म्हणाला, अक्काला सांगूं नको. तराजूची दांडी वाकली, सरळ केली, अक्काला सांगूं नको. राजवाड्याच्या कट्ट्यावर एक तास उगीच बसलों, बरं वाटलं, अक्काला सांगूं नको. मधेमधे फेरे, तारेचे नंबर, वजनं. आणि पुन्हा मी. पानामागून पान.

कोणाला वाटेल, काय मोठं पाप केलं होतं त्यानं? ऑम्लेट खाल्लं, कट्ट्यावर बसला. शाळेतल्या मुली माझ्यापासून चिठ्ठ्या लपवतात तसा हा माणूस आपलं सगळं आयुष्य माझ्यापासून बारीकबारीक घड्या घालून लपवत होता. मला वाटायचं मला त्याचं सगळं माहीत आहे. मला त्याचे खिसे माहीत होते.

पान उलटलं. वर लिहिलं होतं: गुंडाळ ९ फेरे, जोर कमी पडतो. आणि त्याखाली:

‘सुप्रभाचं तिसरं पत्र. बेंगळूरला तुमच्यासाठी नोकरी बघतें म्हणते, या म्हणते. नाहीं म्हणून लिहिलं. अक्का एकटी काय करील. अक्काला कधींच सांगूं नको.’

मी थांबले.

सुप्रभा कॉलेजच्या ग्रंथालयात होती. आमच्यातलीच, राजवाड्यामागच्या गल्लीतली, लहान वयात नवरा गेलेली. नवरात्रात एकदा घरी आली होती. मी तिला हरभऱ्यांची उसळ दिली आणि ती स्वयंपाकघराकडे बघत होती तेव्हा म्हटलं, “काय मापं घेत्येस कां?” सगळ्यांसमोर. ती हसली होती. पुढं तिची बदली झाली असं सेतूनं सांगितलं, आणि मी म्हटलं, बरं झालं.

“काय झालं?” इन्स्पेक्टर म्हणाले. “वाचा.”

त्यांची पेन्सिल त्या ओळीवर होती. सुप्रभा, बेंगळूर, अक्का. एवढं त्यांनाही वाचता येत होतं. “सुप्रभा कोण? बेंगळूरला कोण आहे?”

बाकावर सेतू दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

मी तमिळमध्ये म्हटलं, “सुप्रभा हे बेंगळूरच्या एका दुकानाचं नाव आहे, सार. तिथे मोटर मिळते. महाग आहे म्हणून नको लिहिलंय. मी खर्चावरून बोलते, म्हणून अक्काला सांगू नको.”

आयुष्यात मी पोलिसांशी पहिल्यांदा बोलत होते आणि खोटं बोलत होते. कॉपी करणाऱ्या मुलींचे चेहरे इतकी वर्षं मी पाहिले. माझा तसाच झाला असणार. इन्स्पेक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वही मिटली. दमलेला माणूस होता तो, दुष्ट नव्हता.

“टीचर, इतकं लपवायला लागावं असं तुम्ही करता तरी काय या माणसाला?” ते म्हणाले.

मी चष्मा काढून पदरानं पुसला.

त्यांनी सेतूला घरी सोडलं, पण विमान ठेवून घेतलं. अट घातली: पोंगलनंतर शेतं मोकळी झाली की आमच्या माणसासमोर उडवून दाखवायचं. उडालं, खेळणं आहे असं त्या माणसानं लिहून दिलं, की फाइल बंद. नाही उडालं तर हे सगळं कशासाठी चाललं होतं त्याचा खुलासा वरपर्यंत जाईल, आणि सरकारी नोकरीत असल्यामुळे कॉलेजलाही कळवावं लागेल. तिरक्या शब्दांत नाही, सरळ सांगितलं त्यांनी.

आम्ही रिक्षानं निघालो. घर जवळ आलं तेव्हा सेतू म्हणाला, “अक्का, तूं बरं सांगितलंस. दुकान म्हणून.”

“हूं,” मी म्हटलं. सुप्रभाचं मला विचारवेना; मी रिक्षावाल्याला आमचं वळण दाखवलं.

पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या डोक्यात ते आलं जे येणारच होतं. जेवताना म्हणाला, “अक्का, कोणी सांगितलं असेल गं?”

“काय?”

“पोलिसांना. विघ्नेश येतो म्हणून कोणाला माहीत? बॅटऱ्या आहेत म्हणून?”

मी रसम वाढत होते. पळी पुन्हा भरली. म्हटलं, “लोकांना काय धंदे आहेत? कोणीही सांगेल.”

“भरद्वाज,” तो म्हणाला. “मिथेनॉलच्या वेळीं पण त्यानंच विचारलं होतं.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं: भरद्वाज नाही, मी. ते माझ्या तोंडाशी आलं आणि मला सुप्रभाची ओळ आठवली. या माणसानं ज्या बाईसाठी आपलं घर मांडलं नाही, तिनंच त्याच्या दाराशी जीप आणली, हे त्याला कळलं तर? तो मला सोडून जाईल, अशी मला भीती वाटली. स्पष्टच सांगते, मी घाबरले. मी म्हटलं, “कोणाचं काय सांगावं,” आणि पळी खाली ठेवली.

त्यानंतर त्यानं भरद्वाजशी बोलणं सोडलं. वीस वर्षं दोघं एका डब्यातून जेवलेले. भरद्वाज एकदा घरीही आला, दारात उभा राहून म्हणाला, “राव, माझं काय चुकलं ते तरी सांगा.” सेतू आतून आला नाही. मी म्हटलं, सेतूची तब्येत बरी नाही. भरद्वाज तरी थोडा वेळ उभा होता. मग सायकल फिरवून गेला.

विमानाचे तुकडे परत मिळाले ते पोंगलच्या आदल्या आठवड्यात. सेतूनं चिरलेलं पोट जोडलं, वर पातळ कागद चिकटवला. पुन्हा मोटर सोडली. नऊ फेऱ्यांत जोर कमी पडत होता, म्हणून पुन्हा आठ. मी त्याच्या खोलीच्या दारात उभी राहून बघायची. खिसे तपासणं सोडलं होतं. तो तार ओढून घ्यायचा, खाचेत बसवायचा, ओठ हलवत मोजायचा. मी कॉफी ठेवली की मान न उचलता म्हणायचा, “ठेव अक्का, घेतों.” तेवढ्यानंही मला बरं वाटायचं.

उडवायचा दिवस रविवार ठरला. वल्लमच्या रस्त्याला, कालव्यापलीकडे, कापणी झालेलं एक लांब शेत होतं. खोडक्या वाळल्या होत्या, जमीन टणक. सकाळी नऊची वेळ. बघायला यायचा होता तो कनकलताचाच नवरा, हेड कॉन्स्टेबल. मला ते आदल्या दिवशीच कळलं; सांगणारी मी, हे त्याला माहीत होतं. तो टीव्हीएस फिफ्टी मोपेडवर बसून आला, साध्या कपड्यांत, काखेत फाइल. मला बघून हसला. मी नजर चुकवली.

सेतूनं पंख बसवले. बॅटऱ्यांची तार जोडली. एवढं मोठं ते लढाऊ विमान, हिरव्या आणि मातकट रंगाचं, खोडक्यांच्या मधल्या पट्ट्यावर उभं राहिलं. सेतू माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा दिसत होता.

“अक्का, उडेल ना?”

“न उडायला काय झालं?” मी म्हटलं.

त्यानं रेडिओच्या डब्यावरची कांडी पुढं ढकलली. पंखा फिरला. मी सवयीनं कानांवर हात नेले. काहीच आवाज आला नाही. शिवणाचं यंत्र शेजारच्या घरात चालावं तेवढी सूंऽ. विमान धावलं, खोडक्यांवरून उसळलं, एकदा डगमगलं आणि उठलं. अय्यो, काय उठलं! नारळांच्या शेंड्यांपर्यंत गेलं, कलंडलं, वळलं, त्याच्या पंखांवर ऊन आलं. कालव्याच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी मान वर केली. विघ्नेश म्हणाला होता ते खरं होतं, डोक्यावरून गेलं तरी कळत नव्हतं.

मला रडू आलं. त्याच्या नोकरीवरचं संकट टळलं म्हणून, आणि त्यानं ते केलं म्हणूनही.

“चार मिनिटं,” सेतू म्हणाला. “चार मिनिटंच चालतें बॅटरी.” डोळे वर लावलेले. एकदा विमान हवेत गेलं की त्याला मान वळवता येत नाही, हे मला माहीत होतं. एक क्षण नजर हटली तर सगळं संपतं.

हेड कॉन्स्टेबल माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सेतू आमच्या पुढे, चारपाच पावलांवर. “फारच छान,” तो म्हणाला. नेहमीच्या आवाजात, जसं माणूस शेतात बोलतो. “टीचरम्मा, बरं झालं तुम्ही वेळेवर कनकलताला सांगितलंत. उद्या दुसऱ्या कुठल्या खात्याला आधी कळलं असतं तर यांना सोडवणं आमच्या हातात राहिलं नसतं.”

जुनं इंजिन असतं तर यातला एक शब्द कोणाच्या कानावर गेला नसता.

मी सेतूच्या पाठीकडे बघितलं. शर्टावर घामाचा डाग होता. मान तशीच वर. अंगठे कांड्यांवर तसेच. विमान पलीकडच्या बांधापाशी वळलं, बरोबर ठरल्यासारखं, आणि परत आमच्याकडे यायला लागलं. त्यानं ऐकलं की नाही? मी देवाचं नाव घेतलं. विमान आणखी एक चक्कर घालून आलं. मग आणखी एक. त्या चक्करा किती लांब वाटल्या ते मी सांगू शकत नाही. हेड कॉन्स्टेबल शेजारी बोलतच होता, किती माणसांच्या अशा वस्तू जप्त होतात वगैरे. मी त्याला गप्प बसा म्हणू शकले नाही. म्हटलं असतं तर तेही ऐकू गेलं असतं.

विमान खाली आलं, खोडक्यांवरून अलगद सरकत पट्ट्यावर टेकलं आणि थांबलं. सेतूनं इतकं चांगलं कधी उतरवलं नव्हतं.

त्यानं रेडिओचा डबा बंद केला. मग वळला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तो हेड कॉन्स्टेबलसमोर गेला, हात जोडले आणि तमिळमध्ये म्हणाला, “होय सार. मीच म्हटलं होतं अक्काला, तुमच्या कानावर घालून ठेव म्हणून. अशी वस्तू घरात ठेवायची तर पोलिसांना माहीत असलेली बरी.”

“हां, शहाणपणाचं केलंत,” तो म्हणाला आणि फाइलवर सही घेतली.

तो गेल्यावर सेतूनं पंख सोडले, बॅटऱ्या काढून डब्यात भरल्या. मी म्हटलं, “सेतू, मीं...” तो तार गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर त्यानं विमानाचं धड खांद्यावर घेतलं, पंख काखेत घेतले आणि कालव्याकडे चालायला लागला. कालव्यावर नारळाचं एक खोड टाकलेलं आहे, त्यावरून पलीकडे जायचं. तो आधी गेला. पलीकडे थांबला, मागे वळला आणि म्हणाला, “अक्का, पार्तु वांगो.”

अक्का, जपून या.

घरात आम्ही दोघं कधी तमिळ बोललेलो नाही. आणि त्यानं मला कधी ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही. शाळेतले शिपाई मला असं म्हणतात, भाजीवाली म्हणते, इन्स्पेक्टर म्हणाले होते. मी खोडावर अर्ध्यात उभी होते, हातात त्याचा बिस्किटांचा डबा. खाली पाणी वाहत होतं. मी जपून पलीकडे गेले.

दुपारी पान वाढलं आणि मुद्दाम मराठीत म्हटलं, “सेतू, ये. जेवून घे. भरद्वाजला मीं सांगतें जाऊन. अस्कं सांगतें.”

तो हात धुऊन आला, पाटावर बसला. पानाभोवती पाणी फिरवलं. मग तमिळमध्ये, अगदी मऊ आवाजात म्हणाला, “मी भेटतो त्याला, अक्का. तुम्ही पण बसा.”

मी बसले.